मधल्या फळीतले देश आणि ओटावाचा करार

या व्याख्यानमालेत आपण महासत्तांबद्दल पुष्कळ ऐकलं. अमेरिका काय करणार, चीन कुठवर जाणार, रशिया थांबणार का. आज त्यांना जरा बाजूला बसवू या आणि मधल्या फळीकडे वळू या. कॅनडा, ऑस्ट्रेलिया, नॉर्वे, दक्षिण कोरिया, तुर्कस्तान, इंडोनेशिया, ब्राझील, दक्षिण आफ्रिका अशा देशांना आंतरराष्ट्रीय राजकारणाच्या भाषेत ‘मध्यम शक्ती’ म्हणतात. जगाला एकट्याने वळवण्याइतकं बळ यांच्याकडे नाही, पण कुणी सांगितलं आणि मुकाट्याने ऐकलं, इतके हे लहानही नाहीत.

हा शब्द सध्या पुन्हा चलनात आलाय. वर्तमानपत्रांत, परिषदांत एक वाक्य सारखं कानावर येतं : मोठे देश नियम मोडतायत, तेव्हा मध्यम शक्तींनी पुढे येऊन नियमांची व्यवस्था सांभाळावी. वाक्य ऐकायला बरं वाटतं. मोठ्या भावांचं भांडण सुरू असताना मधल्याने घर सांभाळावं, असं काहीसं चित्र डोळ्यांसमोर येतं. आज आपल्याला हेच वाक्य तपासायचंय. ते तपासायला एक प्रकरण नीट उलगडून पाहू : भूसुरुंगांवर बंदी घालणारा १९९७चा ओटावा करार. मध्यम शक्तींच्या मोठेपणाचा पुरावा मागितला की हाच करार पुढे केला जातो. आणि २०२५मध्ये याच करारातून बाहेर पडण्याचा निर्णय पाच युरोपीय देशांनी घेतला. त्यामुळे पुरावाच आता तपासाला आला आहे, असं म्हणायला हरकत नाही.

आधी शब्दाचा जन्म. राज्यांचे लहान, मध्यम, मोठे असे भाग पाडणं जुनं आहे. सोळाव्या शतकातल्या बोटेरो नावाच्या इटालियन विचारवंतानेही ते पाडले होते. पण आजचा अर्थ आला तो दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी. संयुक्त राष्ट्रांची घडी बसत होती, पाच मोठ्यांनी नकाराधिकार आपल्या खिशात घातला होता, आणि कॅनडाने एक सरळ प्रश्न विचारला. सैन्य आम्ही द्यायचं, पैसा आम्ही द्यायचा, आणि ते कुठे पाठवायचं हे ठरवताना आम्ही खोलीबाहेर उभं राहायचं का? कॅनडाचं म्हणणं असं होतं की ज्या कामात ज्याचा वाटा, त्या कामात त्याचा शब्द. सनदेचं कलम ४४ याच आग्रहातून आलं. सुरक्षा परिषदेचा सदस्य नसलेल्या देशाचं सैन्य वापरायचं असेल, तर त्या सैन्याच्या वापराच्या निर्णयात त्याला बोलवावं, असं ते कलम सांगतं. त्याच सॅन फ्रान्सिस्को परिषदेत ऑस्ट्रेलियाचे हर्बर्ट एव्हॅट नकाराधिकाराविरुद्ध जोरात भांडले. हरले, पण भांडले.

म्हणजे सुरुवातीला ‘मध्यम शक्ती’ हा हिशेबाचा शब्द होता. वाटा किती, हक्क किती. चांगुलपणाचा त्यात काही संबंध नव्हता. चांगुलपणा नंतर चिकटला. पुढे अभ्यासकांनी दोन वाटा धरल्या. काहींनी लोकसंख्या, उत्पन्न, सैन्य असे आकडे लावून यादी केली. कार्स्टन होलब्राड यांचं १९८४चं पुस्तक त्या वाटेचं. १९९३मध्ये कूपर, हिगॉट आणि नोसल या तिघांनी वेगळा मार्ग घेतला. आकडे सोडा, वागणूक पाहा, असं त्यांनी सांगितलं. जे देश मध्यस्थी करतात, आघाड्या बांधतात, आंतरराष्ट्रीय संस्थांच्या चौकटीत प्रश्न सोडवू पाहतात, ते मध्यम शक्ती.

इथे एक गंमत होते. सज्जन कोण? तर जो सज्जनासारखा वागतो तो. आणि सज्जनासारखं वागणं म्हणजे काय? तर सज्जन वागतात तसं. व्याख्येतच प्रशस्तिपत्रक घालून ठेवलं की मग मध्यम शक्ती कधी वाईट वागूच शकत नाही. वाईट वागली तर ती त्या दिवसापुरती मध्यम शक्ती नव्हती, इतकंच. ही व्याख्या करणारे अभ्यासक कॅनडा-ऑस्ट्रेलियाकडचे होते, हेही लक्षात ठेवायला हवं. आरशात पाहून काढलेलं चित्र वाईट कशाला येईल?

या चित्राची पहिली चौकट म्हणजे सुएझ, १९५६. ती गोष्ट थोडक्यात सांगतो, कारण पुढचं सगळं तिथून सुरू होतं. २९ ऑक्टोबरला इस्रायलने इजिप्तवर हल्ला केला, मागोमाग ब्रिटन आणि फ्रान्स उतरले. सुरक्षा परिषदेत या दोघांनी नकाराधिकार वापरला, म्हणून प्रश्न आमसभेत गेला. तिथे कॅनडाचे परराष्ट्रमंत्री लेस्टर पिअर्सन यांनी शस्त्रसंधीच्या पहिल्या ठरावावर तटस्थ राहून सांगितलं की नुसतं ‘थांबा’ म्हणून भागणार नाही, मध्ये उभं राहायला कुणीतरी पाहिजे. ४ नोव्हेंबरला त्यांचा ठराव ५७ विरुद्ध शून्य मतांनी संमत झाला, १९ देश तटस्थ राहिले. सरचिटणीस हॅमरशोल्ड यांनी ४८ तासांत आंतरराष्ट्रीय सैन्याची योजना द्यावी, असा तो ठराव. पहिली शांतिसेना उभी राहिली आणि १९५७चं शांततेचं नोबेल पिअर्सन यांना मिळालं.

आता न सांगितली जाणारी बाजू. ब्रिटन मागे हटला तो पिअर्सन यांच्या वक्तृत्वामुळे नव्हे. आयझेनहॉवर यांच्या अमेरिकेने पौंडाची नाडी आवळली होती आणि सोव्हिएत संघही या स्वारीच्या विरोधात होता. दोन महासत्तांना एकच गोष्ट हवी होती, असा तो दुर्मिळ आठवडा होता. पिअर्सन यांनी त्या फटीत बरोबर पाय घातला, हे त्यांचं कौशल्य. फट त्यांनी पाडलेली नव्हती.

दुसरी गोष्ट अधिक मजेशीर आहे. कॅनडाने शांतिसेनेसाठी जी पलटण तयार ठेवली, तिचं नाव होतं ‘क्वीन्स ओन रायफल्स’. राणीची पलटण! इजिप्तने साहजिकच विचारलं, ब्रिटिशांना घालवायला आम्ही ब्रिटिश राणीचीच पलटण घ्यायची का? शेवटी कॅनडाने रसद आणि तांत्रिक कामाचे सैनिक पाठवले. सीमेवरची पायदळाची गस्त इतरांकडे गेली, त्यात भारताची तुकडी मोठ्या तुकड्यांपैकी होती. १९६७च्या मे महिन्यात नासर यांनी या सैन्याला जायला सांगितलं तेव्हा सेनापती भारताचे इंदरजित रिखी होते. कॅनडाच्या सैनिकांना इजिप्तने तातडीने निघायला लावलं, ते विमानाने गेले. भारतीय तुकडी गाझात असतानाच जूनचं युद्ध पेटलं आणि त्यात आपले जवान मारले गेले. नोबेल ओटावाला आणि प्रेतं दिल्लीला, असं म्हणणं थोडं कडू होईल. पण मध्यम शक्तींच्या इतिहासाच्या पुस्तकांत पहिलं अर्ध ठळक अक्षरांत असतं आणि दुसरं सापडतच नाही, हे खरं आहे. कोरियातल्या युद्धकैद्यांच्या परतीसाठी १९५३मध्ये नेमलेल्या तटस्थ आयोगाचं अध्यक्षपद भारताकडे होतं, जनरल थिमय्या ते काम पाहत होते. कामाच्या दृष्टीने हे पक्कं मध्यम शक्तीचं काम. पण तेव्हा आपण त्याला अलिप्तता म्हणायचो. आज दिल्लीत कुणाला ‘मध्यम’ म्हणून पाहा, राग येतो.

असो. आता ओटावा.

भूसुरुंग हे गरिबाचं शस्त्र म्हणतात. संयुक्त राष्ट्रांच्या त्या काळच्या हिशेबात एक सुरुंग बनवायला ३ ते ३० डॉलर लागायचे आणि तोच शोधून काढायला ३०० ते १,००० डॉलर. तह झाला तरी सुरुंगाला ते कुणी कळवत नाही. कंबोडियात, अंगोलात, मोझांबिकमध्ये, अफगाणिस्तानात लढाई संपल्यावर शेतात गेलेली बाई, गुरं राखणारं पोर, सरपण आणायला गेलेला माणूस यांचे पाय जात होते. १९९२मध्ये सहा बिगरसरकारी संस्थांनी मिळून बंदीची मोहीम सुरू केली, जोडी विल्यम्स तिच्या समन्वयक. रेड क्रॉसनेही आपला नेहमीचा मवाळ सूर सोडून उघड बंदी मागितली.

सरकारी मार्ग होता जिनिव्हाचा. ठरावीक पारंपरिक शस्त्रांबद्दलच्या १९८०च्या कराराचा फेरविचार १९९५-९६मध्ये झाला. तिथला नियम सर्वानुमताचा. सर्वानुमत हा शब्द आपल्याला मोठा लोकशाहीवादी वाटतो. प्रत्यक्षात त्याचा अर्थ असा की सभागृहातल्या सर्वांत नाखूश माणसाच्या हातात किल्ली. आपल्याकडे सोसायटीच्या सभेत लिफ्ट बसवायचा ठराव कसा अडतो, ते आठवा. तळमजल्यावरचा एक माणूस पुरतो. जिनिव्हात तेच झालं. मे १९९६मध्ये जो सुधारित मसुदा निघाला, त्याने सुरुंग कसे असावेत, कसे पेरावेत याचे नियम केले. सुरुंग राहिलेच.

इथे कॅनडाने जे केलं ते आपण नीट पाहू, कारण खरी करामत इथे आहे. ऑक्टोबर १९९६मध्ये ओटावात एक परिषद भरवली. बोलावणं सगळ्यांना, पण पूर्ण सदस्य म्हणून बसायचं तर बंदीच्या जाहीरनाम्याला आधी मान्यता द्यायची. ज्यांना बंदी नको, त्यांनी निरीक्षक म्हणून मागे बसावं. पन्नास देश पुढे बसले. म्हणजे नाखूश माणसाच्या हातातली किल्ली दारातच काढून घेतली. परिषदेच्या शेवटी परराष्ट्रमंत्री लॉइड अ‍ॅक्सवर्दी उठले आणि म्हणाले, डिसेंबर १९९७मध्ये पुन्हा इथेच या, करारावर सह्या करायला. करार नव्हता, मसुद्याची चर्चाही सुरू झालेली नव्हती, बहुतेक मित्रदेशांना आधी काही सांगितलेलं नव्हतं. आधी लग्नाची तारीख आणि मग मुलगी पाहायला सुरुवात, असा प्रकार. मुत्सद्द्यांच्या जगात हा शुद्ध आगाऊपणा होता. पण तारीख जाहीर झाली की लोक कामाला लागतात, हेही तितकंच खरं.

मग काम वाटलं गेलं. मसुदा ऑस्ट्रियाने लिहिला. बेल्जियमने १९९५मध्येच आपल्या देशात कायद्याने बंदी घातली होती, त्याने ब्रसेल्सला बैठक घेतली. नॉर्वेने अंतिम वाटाघाटी ओस्लोत भरवल्या. दक्षिण आफ्रिकेने अध्यक्ष दिला, जेकब सेलेबी. मोहिमेचे लोक नुसते दाराबाहेर फलक घेऊन उभे नव्हते. ते आत बसून मुद्दे मांडत होते, काही देशांच्या शिष्टमंडळांतही होते. आफ्रिकेतल्या ज्या देशांची जमीन खरोखर सुरुंगांनी भरली होती, ते ठाम राहिले. हा भाग कॅनडाकेंद्री गोष्टीत फार थोडक्यात उरकतात. आमच्या मते तो मुख्य आहे. आफ्रिकेतल्या देशांचा गठ्ठा नसता, तर ओस्लोत युरोपातले मवाळ देश अमेरिकेपुढे वाकले असते.

ओस्लोची बैठक १ सप्टेंबर १९९७ला सुरू झाली. आदल्या दिवशी पॅरिसमध्ये प्रिन्सेस डायना गेली होती. त्याच वर्षी जानेवारीत अंगोलात आणि ऑगस्टमध्ये बोस्नियात ती सुरुंगग्रस्तांना भेटून आली होती. सगळ्या जगाचे कॅमेरे या विषयावर वळले. योगायोगाने करार होत नाहीत, पण योगायोगाच्या दिवशी मोडता घालणं अवघड जातं.

अमेरिका उशिरा, ऑगस्टमध्ये, आत आली आणि बरोबर अटी घेऊन आली. कोरियाच्या सीमेला सूट द्या. व्याख्या बदला. अंमलाला मुदत द्या. आणि युद्धात सर्वोच्च राष्ट्रहित धोक्यात आलं, तर बाहेर पडायची मुभा द्या. ही शेवटची अट लक्षात ठेवा, तिच्याकडे परत यायचंय. सेलेबी यांनी कामकाजाचा नियम स्पष्ट ठेवला होता : एकमत झालं तर उत्तम, नाही तर दोन तृतीयांश मतांनी निर्णय. अमेरिकेने एक दिवस वाढवून मागितला, मिळाला, जुळलं नाही. १७ सप्टेंबरला क्लिंटन यांनी सही न करण्याचं जाहीर केलं आणि १८ तारखेला मसुदा संमत झाला. ऑक्टोबरमध्ये नोबेल मोहिमेला आणि जोडी विल्यम्स यांना. डिसेंबरमध्ये ओटावात १२२ देशांच्या सह्या. चाळीस अनुमोदनं पूर्ण होऊन १ मार्च १९९९ला करार लागू.

जाता जाता एक. सेलेबी पुढे दक्षिण आफ्रिकेचे पोलीसप्रमुख झाले, इंटरपोलचे अध्यक्ष झाले आणि २०१०मध्ये भ्रष्टाचाराच्या गुन्ह्यात दोषी ठरले. हे सांगायचं कारण चहाडी नाही. ओस्लोतली अध्यक्षाची खुर्ची त्यांनी अप्रतिम सांभाळली होती. सभा चालवणं हे कसब आहे, संतपण नव्हे. जे माणसाला लागू तेच देशाला. मसुदा कोण लिहितो, नियम कोण ठरवतो, सभा कुठे भरते, तारीख कोण देतो, या चार गोष्टी हाती असल्या तर मध्यम वजनाचा देशही मोठं काम करून जातो. त्याला जन्मजात सज्जन असावं लागत नाही.

तुर्कस्तानाचंच पाहा. सज्जनांच्या यादीत त्याचं नाव कुणी घालत नाही. युक्रेनला ड्रोन विकले, रशियाकडून क्षेपणास्त्रं घेतली. पण जुलै २०२२मध्ये इस्तंबूलला त्याने आणि संयुक्त राष्ट्रांनी मिळून काळ्या समुद्रातून धान्य नेण्याचा समझोता घडवला, जहाजं तपासायला चारही पक्षांचं केंद्र शहरातच उघडलं. रशियाने जुलै २०२३मध्ये मोडेपर्यंत सव्वातीन कोटी टनांहून जास्त धान्य त्या वाटेने गेलं. सामुद्रधुनीचं दार तुर्कस्तानाच्या अंगणात, आणि दोन्ही शत्रू त्याचा फोन उचलत होते. एवढंच भांडवल होतं. ते वापरलं.

परत ओटावाकडे. करारामुळे काय झालं? सदस्य देशांनी साठ्यातले साडेपाच कोटींहून जास्त सुरुंग नष्ट केले. मोझांबिक २०१५मध्ये सुरुंगमुक्त जाहीर झाला. सही न केलेले देशही सुरुंग विकायला कचरू लागले. भारतानेही निर्यातबंदी पाळली आहे. हे सगळं खरं आहे आणि थोडं नाही. आम्ही हा करार फसला असं अजिबात म्हणत नाही. गुडघ्याखाली पाय शाबूत असलेली जी माणसं आज चालतायत, त्यांच्यापुढे तसं म्हणणं हा निर्लज्जपणा होईल.

आमची तक्रार त्याच्या गोष्टीबद्दल आहे. ही गोष्ट सही होते तिथे संपते. टाळ्या, नोबेल, पडदा. प्रत्यक्षात कराराच्या कलमांत पुढची कामं लिहिलेली आहेत : चार वर्षांत साठा नष्ट करा, दहा वर्षांत जमीन साफ करा, जखमींना मदत करा. जमीन साफ करायला माणूस पोटावर झोपून, सळईने माती टोचत, इंच इंच पुढे जातो. त्याचा पगार कोण देतो? कॅनडाने सुरुवातीला पाच वर्षांसाठी दहा कोटी कॅनेडियन डॉलर दिले, नॉर्वे, जपान, युरोपीय संघ यांनीही दिले. पण गेली अनेक वर्षं या कामाला जगात सर्वांत जास्त पैसा देणारा देश होता अमेरिका. होय, सही न केलेली अमेरिका. जानेवारी २०२५मध्ये वॉशिंग्टनने परदेशी मदत गोठवली, तेव्हा कंबोडियासह काही देशांत सुरुंग काढणारी पथकं काही काळ थांबली. मधल्या फळीच्या अभिमानाचा करार, त्याचं बिल महासत्ता भरत होती, आणि तिने पाकीट बंद केल्यावर हे सगळ्यांना कळलं.

पैशाचं तसं सुरक्षेचं. १९९७मध्ये शीतयुद्ध संपलेलं होतं, रशिया थकलेला होता, नाटोचं छप्पर डोक्यावर होतं. कॅनडाच्या तीन बाजूंना समुद्र आणि चौथ्या बाजूला अमेरिका. अशा घरात राहणाऱ्याला दाराला कुलूप नको म्हणणं सोपं जातं. त्या वेळीच कॅनडातल्या काही टीकाकारांनी अ‍ॅक्सवर्दींच्या धोरणाला व्यासपीठावरचं प्रवचन म्हटलं होतं. तोंडाने मानवी सुरक्षा बोलायची आणि त्याच दशकात संरक्षण आणि परदेशी मदत दोन्हीकडे कात्री लावायची, असा त्यांचा मुद्दा होता. तो मुद्दा तेव्हा कुरकुर वाटला. नंतर कॅनडा सुरक्षा परिषदेची निवडणूक दोनदा हरला, २०१०मध्ये आणि २०२०मध्ये. शांतिसेनेचा शोध लावल्याचं श्रेय घेणाऱ्या या देशाचे निळ्या टोपीतले सैनिक आणि पोलीस अलीकडच्या वर्षांत शंभराच्याही आत आहेत. मतदान करणारे देश हे बघतात.

ज्यांच्या दाराबाहेर खरोखर चोर होता, त्यांचं गणित वेगळं होतं. फिनलंडची रशियाशी १,३०० किलोमीटरहून लांब सीमा आहे. तो करारात २०१२मध्ये आला, पोलंडनेही अनुमोदन त्याच वर्षी दिलं. दक्षिण कोरियाला आज सगळे नमुनेदार मध्यम शक्ती म्हणतात. तो करारात कधीच आला नाही. भारत, पाकिस्तान, चीन, रशिया, इस्रायल, इराण बाहेरच. भारत बैठकांना निरीक्षक म्हणून जातो आणि लांब सीमांचं कारण सांगतो. ते कारण खोटं नाही. पण त्याची किंमतही आपल्याकडे कुणीतरी मोजली आहे. संसदेवरच्या हल्ल्यानंतर, २००१-०२मध्ये, पंजाब-राजस्थानच्या सीमेवर सुरुंग पेरले गेले. शेतकऱ्यांची जमीन महिनोन् महिने अडकली, पेरताना आणि काढताना जवान गेले, गावातली माणसं आणि जनावरं जायबंदी झाली. युद्ध झालंच नाही.

आता २०२५. मार्चमध्ये पोलंड, लिथुआनिया, लाटव्हिया आणि एस्टोनिया यांच्या संरक्षणमंत्र्यांनी एकत्र पत्रक काढून करार सोडायची शिफारस केली. एप्रिलच्या पहिल्या दिवशी फिनलंड. संसदांनी मोठ्या बहुमताने मान्यता दिली. जूनअखेरीस युक्रेननेही बाहेर पडायचं ठरवलं. पण इथे कलम २० आडवं येतं. बाहेर पडायची नोटीस दिल्यावर सहा महिने थांबावं लागतं, आणि ती मुदत संपताना देश सशस्त्र संघर्षात असेल तर संघर्ष संपेपर्यंत बाहेर पडणं लागूच होत नाही. ओस्लोत अमेरिकेने मागितलेली आणि मिळू न शकलेली सूट आठवतेय ना? तीच जागा. म्हणून युक्रेनने करार ‘स्थगित’ केल्याचं कळवलं. करारात स्थगिती नावाची गोष्टच नाही, असा आक्षेप अनेक सदस्य देशांनी घेतला.

कायद्याने आक्षेप बरोबर आहे. कलम मुद्दाम तसं लिहिलं होतं, कारण सुरुंगबंदी शांततेच्या काळापुरती असेल तर तिला अर्थच नाही. पण जरा युक्रेनच्या खंदकातून पाहा. समोरचा रशिया करारात नाही आणि त्याने मैलोगणती सुरुंग पेरले आहेत. कराराचे जनक देश पत्र पाठवून खेद व्यक्त करतायत. खेदाने कुणाची सीमा राखली जाते?

आमचं मत स्पष्ट सांगतो. या पाच देशांचा निर्णय चुकीचा आहे असं आम्हाला वाटतं. रणगाड्यांविरुद्धचे सुरुंग या करारात बंद नाहीतच, ते आधीही वापरता येत होते. प्रश्न फक्त माणसाच्या पावलाने फुटणाऱ्या सुरुंगाचा आहे. ड्रोनच्या काळात तो शत्रूला किती अडवेल याची शंका आहे, आणि आपल्याच शेतकऱ्याला पुढची तीस वर्षं अडवेल याची खात्री आहे. पण या देशांना करारद्रोही म्हणणाऱ्यांशीही आम्ही सहमत नाही. शेजारी करारात नसेल आणि तोच चालून आला तर काय, या प्रश्नाचं उत्तर ओस्लोत लिहिलं गेलं नाही. तेव्हा तो प्रश्न कुणाला महत्त्वाचा वाटला नाही, कारण मसुदा लिहिणाऱ्यांपैकी कुणाच्या दारात तो उभा नव्हता. ऑस्ट्रिया आणि कॅनडा यांनी त्या वर्षी पोलंडच्या पूर्व सीमेसाठी हवाई संरक्षण, तोफखाना, कुंपणाचा खर्च असं काही ठोस पुढे केलं असतं आणि मग ‘सुरुंग नको’ म्हटलं असतं, तर त्या शब्दाला वजन आलं असतं.

नॉर्वेची गोष्ट इथे उपयोगी पडते. त्याचीही रशियाशी सीमा आहे, सुमारे १९८ किलोमीटर. ओस्लोची बैठक त्याच्याच घरात झाली होती. फिनलंड निघाला त्याच आठवड्यात नॉर्वेच्या परराष्ट्रमंत्र्यांनी सांगितलं की आम्ही करारात राहणार. लहान सीमा, कठीण प्रदेश, १९४९पासून नाटोचा सदस्य, हे सगळं त्याच्या बाजूने आहे, मान्य. फिनलंडला नाटोत येऊन जेमतेम दोन वर्षं झाली होती. तरीसुद्धा सीमेवर राहून हे बोलणारा सदस्य आणि अटलांटिकपलीकडून बोलणारा सदस्य यांच्या बोलण्यात फरक आहे. नॉर्वे सुरुंग काढायच्या कामाला वर्षानुवर्षं पैसाही देत आला आहे आणि त्याच्या संस्थांची माणसं आजही युक्रेनमध्ये माती टोचतायत.

पुढच्या वेळी कुणी म्हणालं की मध्यम शक्तींनी जगाची व्यवस्था सांभाळावी, तर त्याला आपण तीन गोष्टी विचारू शकतो. पैसा कुणाचा, सीमा कुणाची, आणि वीस वर्षांनी बैठकीला कोण येणार. भारतालाही हेच विचारता येईल. निर्यातबंदी आपण पाळतोच. ती कायद्यात उतरवायला आणि सीमेवरच्या पेरणीची, जखमींची संपूर्ण नोंद संसदेपुढे ठेवायला ओटावाची सही लागत नाही.

वेळ संपत आलीय. चिठ्ठ्या बऱ्याच आल्यात, त्यातल्या निम्म्या भारताने सही करावी की नाही याबद्दलच आहेत. त्या आधी घेऊ.